हॉस्पिटलच्या एसीसाठी डीलरचं फुकट डिझाइन पुरेल, की कन्सल्टंट नेमावा?

डॉक्टरांचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. मालवणजवळ, समुद्रापासून साधारण सहाशे मीटरवर, ते आणि त्यांच्या मिसेस मिळून बावीस खाटांचं हॉस्पिटल बांधतायत. तळमजला आणि वर दोन मजले, एक ऑपरेशन थिएटर, चार खाटांचा आयसीयू, एक लेबर रूम. जोतं झालंय, पहिला स्लॅब दिवाळीनंतर. एसी डीलरनं ‘डिझाइन फुकट करून देतो’ म्हणत ३८ टनांचं, ४५ लाखांचं कोटेशन दिलंय. त्यात थिएटरला दोन टनांचे दोन स्प्लिट धरलेत. आर्किटेक्टचा आग्रह स्वतंत्र कन्सल्टंट नेमा असा, आणि कोल्हापूरच्या एका कन्सल्टंटनं १ लाख ८० हजार फी सांगितलीय. डॉक्टरांचं म्हणणं असं: शेवटी मशीन तीच बसणार, मग नुसत्या कागदांसाठी एवढे पैसे का द्यायचे? आणि द्यायचेच, तर समोरचा माणूस खरा जाणकार आहे हे आम्ही डॉक्टरांनी ओळखायचं कसं?

मी स्वतः हाच धंदा करतो. रत्नागिरीत बसून श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत हॉटेलं, हॉस्पिटलं आणि आंब्याची दोन-चार शीतगृहं केली. तेव्हा माझं मत त्या हिशोबानंच घ्या. तुमचं काम मला नकोय, हेही सांगून ठेवतो. हातातलीच कामं उरकत नाहीत.

पहिल्यांदा तुमच्या कोटेशनबद्दल. तुम्ही एसीखालचं क्षेत्र ४,६०० चौरस फूट लिहिलंय. त्याला १२० नं भागा. ३८ येतात. डीलरचं डिझाइन एवढंच आहे. एकशेवीस चौरस फुटांना एक टन हा बाजारातला ठोकताळा, आणि तो बेडरूमला, फार तर दुकानाला चालतो. वेटिंग रूमला, आयसीयूला आणि ऑपरेशन थिएटरला एकाच मापानं मोजलं, तिथेच कळलं की हिशोब झालेलाच नाही. डीलर लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याला मशीन विकायचंय आणि तो ते उघडपणे विकतोय. फुकट मिळालेल्या डिझाइनची किंमत मशीनच्या किमतीत बसलेली असते, एवढंच.

मात्र खरी अडचण टन किती हा नाहीच. आपल्या किनाऱ्यावर हवा गार करणं सोपं आहे, ती कोरडी करणं अवघड. प्रश्न पाण्याचा आहे. हे ज्याला कळतं तो तुमच्या कामाचा. ज्याला कळत नाही त्याच्याकडे कितीही डिग्र्या असोत.

तुमच्याच थिएटरचं उदाहरण घेऊ. (कोकणी माणसाला ओटी म्हटलं की पडवीच्या आतली ओटी आठवते, पण पुढे मी ओटी म्हणेन ती तुमची.) सहा मीटर बाय पाच मीटर, उंची तीन मीटर धरू, म्हणजे ९० घनमीटर. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या सूचनांप्रमाणे साध्या ओटीत तासाला निदान वीस वेळा हवा बदलायला हवी आणि त्यातल्या किमान चार वेळची हवा बाहेरची, ताजी हवी. तापमान २१ अंश, तीन अंश इकडेतिकडे. आर्द्रता २० ते ६० टक्के. शेजारच्या खोल्यांपेक्षा ओटीत हवेचा दाब किंचित जास्त, म्हणजे दार उघडलं की आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत शिरणार नाही. हिशोब करा: तासाला १,८०० घनमीटर हवा फिरवायची आणि त्यातली ३६० बाहेरून घ्यायची.

आता बाहेर काय आहे? आषाढातला दिवस घ्या. तापमान २८, आर्द्रता ९० टक्के. अशा एक किलो हवेत साधारण साडेएकवीस ग्रॅम पाणी असतं. ओटीत २१ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता राखायची तर किलोमागे साडेआठ ग्रॅमच चालेल. म्हणजे प्रत्येक किलोतून तेरा ग्रॅम पाणी काढायचं. तासाला चारशे किलोच्या आसपास हवा आत येते. गुणाकार केला तर तासाला पाच लिटरहून जास्त पाणी, दिवसरात्र यंत्रणा चालू ठेवली तर सव्वाशे लिटर. एका खोलीचं, नुसत्या ताज्या हवेतलं. भिंतींतून झिरपणारं, माणसांच्या श्वासातलं, फरशी पुसल्यावर उडणारं वेगळंच.

आणि यातली गंमत पाहा. त्या हवेचं तापमान २८ वरून २१ वर आणायला जेमतेम पाऊण-एक किलोवॅट लागतात. तिच्यातलं पाणी काढायला साडेतीन. पाण्याचं काम गारव्याच्या चौपट आहे. साडेतीन किलोवॅटना एक टन या मापानं दोन्ही मिळून सव्वा टन झाला, तोही फक्त ताज्या हवेसाठी.

स्प्लिटला यातलं काहीच करता येत नाही. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची घेत नाही, दाब तयार करत नाही, आणि त्याच्या आतल्या ओल्या कोपऱ्यांत बुरशी वाढते ती कुणाला साफही करता येत नाही. म्हणूनच एनएबीएचच्या त्याच सूचनांत ओटीमध्ये विंडो किंवा स्प्लिट वापरू नये असं स्पष्ट म्हटलंय. डीलरला हे माहीत नसावं, किंवा एएचयूचं, म्हणजे बाहेरची हवा घेऊन ती गाळून, गार करून खोलीत सोडणाऱ्या मोठ्या यंत्राचं काम त्याच्या आवाक्यातलं नसावं. दोन्ही शक्य आहे.

सुरुवातीची चूक मीही केलेली आहे, ती सांगतो. रत्नागिरीतलंच एक छोटं प्रसूतिगृह होतं. मी मे महिन्यातल्या दुपारचा हिशोब केला, वर सुरक्षेसाठी म्हणून पाव टक्का नव्हे, चांगली पाव पट मशीन जास्त दिली. मे महिन्यात मालक खूश. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला, ‘साहेब, खोली गार होतेय, पण गाद्या ओल्या लागतायत.’ जाऊन बघतो तर पडद्यांना कुबट वास, छताच्या कोपऱ्यांत काळे ठिपके, नवीन रंगाचे पापुद्रे. झालं असं होतं की पावसात बाहेरच २६ अंश. मोठं मशीन सुरू झालं की पाच मिनिटांत खोली ठरलेल्या तापमानाला यायची, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करायचा, पंखा मात्र चालूच. कॉइलवर जमलेलं पाणी खाली ट्रेमध्ये ठिबकायच्या आतच पंखा ते पुन्हा हवेत मिसळून खोलीत सोडायचा. गार आणि चिकट, माजघरात ओले कपडे वाळत घातल्यासारखी खोली. मशीन छोटं असतं तर जास्त वेळ चाललं असतं आणि खोली कोरडी राहिली असती. तेव्हापासून ‘थोडं जास्तीचं असू द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट ऐकवतो. इन्व्हर्टर एसीनं हा त्रास थोडा कमी होतो, पण जात नाही. तो हळू चालायला लागला की त्याची कॉइलही कमी गार राहते, मग पाणी कमीच निघतं.

म्हणून कन्सल्टंटला विचारायचा पहिला प्रश्न: ‘तुम्ही हिशोब कोणत्या महिन्याचा करणार?’ जाणकार माणूस मे आणि जुलै दोन्हींचा करतो आणि जुलैचा आधी दाखवतो. आमच्यात याला ई-ट्वेंटी शीट म्हणतात, प्रत्येक खोलीचं एक पान. त्यात गारव्याचा भार आणि ओलाव्याचा भार असे दोन वेगळे आकडे असतात. ते पान मागा. तुम्ही रक्ताचा रिपोर्ट वाचता, हेही वाचता येईल. ओटीच्या पानावर ओलाव्याचा आकडा फुटकळ दिसला, तर एक तर ताजी हवा धरलेली नाही, नाहीतर हवामान पुण्याचं धरलंय. दोन्ही प्रकार मी पाहिलेत. पुण्या-कोल्हापूरची माणसं हुशार असतात, पण घाटावरच्या हवेची सवय हातात बसलेली असते. त्यांनी रत्नागिरीच्या वेधशाळेचे आकडे घेतलेत का, एवढं विचारून घ्या.

दुसरा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल: ‘ओटीत हीटर कुठे बसवणार?’ कोकणात हीटर म्हटल्यावर लोक हसतात. पण विचार करा. किलोमागे साडेआठ ग्रॅमवर पाणी आणायचं तर हवा अकरा-बारा अंशांपर्यंत थंड करावी लागते, त्याशिवाय पाणी सुटत नाही. तीच हवा तासाला वीस वेळा ओटीत सोडली तर खोली सतराला जाईल आणि सर्जन कुडकुडेल. तो सिस्टरला म्हणणार, चोवीसवर करा. चोवीसवर केलं की कॉइल गरम, पाणी निघणं बंद, आणि तासाभरात टेबलाखालची फरशी ओलसर. यावर उपाय दोनच. एक, हवा आधी पुरेशी थंड करून कोरडी करायची आणि मग थोडी गरम करून आत सोडायची. दुसरा, बहुतेक पाणी त्या ३६० घनमीटर बाहेरच्या हवेबरोबर येतं हे ओळखून तेवढीच हवा वेगळ्या छोट्या यंत्रात कडक कोरडी करायची आणि मग बाकीच्या हवेत मिसळायची. मला दुसरा रस्ता आवडतो, वीज कमी लागते. पहिलाही चालतो, पण गरम करायला विजेचा हीटर न लावता कॉम्प्रेसरमधून बाहेर फेकली जाणारी उष्णताच वापरली तर. कन्सल्टंट यातला कोणता रस्ता निवडतो हे महत्त्वाचं नाही. त्यानं यावर विचार केलाय की नाही, हे महत्त्वाचं. ‘हीटर? कोकणात कशाला?’ असं म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

गरम पाण्याचं म्हणाल तर ते दोन ओळींत आटोपतं. सोलर चार महिने ढगाखाली झोपलेलं असतं. हीट पंप आपल्या उबदार, दमट हवेत उत्तम चालतो, एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. आर्किटेक्ट प्लंबिंगवाल्याकडे हे सोपवेल. तसं करू नका, एसीच्या माणसाकडेच द्या.

आता ‘क्वालिफाइड’ कोणाला म्हणायचं. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणी नसेल तर तो स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. विजेच्या कामाला परवानाधारक कंत्राटदार लागतो. एसीची यंत्रणा डिझाइन करणाऱ्याला मात्र असा परवाना लागत नाही. उद्या कुणीही व्हिजिटिंग कार्डावर ‘एचव्हीएसी कन्सल्टंट’ छापू शकतो, आणि छापतातही. इश्रे ही आमच्या क्षेत्रातली संघटना १९८१ पासून आहे, चांगलं काम करते, मीही सभासद आहे. पण सभासदत्व वर्गणी भरून मिळतं, ते पात्रतेचं प्रमाणपत्र नव्हे. मेकॅनिकलची डिग्री असावी, दहा-बारा वर्षांचं काम असावं, राष्ट्रीय बांधकाम संहितेचा २०१६ चा आठवा भाग त्यानं वाचलेला असावा. डक्ट (हवा नेणारी पत्र्याची वाहिनी) जिथे आगरोधक भिंतीतून जातो तिथे फायर डॅम्पर, म्हणजे आग लागली की बंद होणारी झडप लागते, हे त्यानं न विचारता सांगायला हवं, कारण ते चुकलं तर पुढे फायरच्या एनओसीला अडेल. एवढ्यावरून कोण कच्चा आहे ते कळेल. कोण पक्का आहे, ते कागदावर कळत नाही.

त्यासाठी त्यानं केलेलं, निदान दोन पावसाळे पाहिलेलं एक हॉस्पिटल बघा. आणि बघायला जुलैत जा, डिसेंबरात नको. डिसेंबरात आमची सगळ्यांचीच कामं सुंदर दिसतात. मालक डॉक्टरांना भेटू नका, ते सौजन्यानं बरंच म्हणतील. ओटीच्या सिस्टरला विचारा, ‘काचा बाहेरून घामेजतात का? निर्जंतुक कपड्यांचे ड्रम उघडताना ओल लागते का?’ इलेक्ट्रिशियनला म्हणा, फॉल्स सीलिंगचा एक तुकडा उचलून दाखव. वरच्या डक्टच्या सांध्यांवर हात फिरवा. ओला लागला, किंवा इन्सुलेशनवर काळी बुरशी दिसली, तर उत्तर मिळालं.

हा डक्टच्या घामाचा मुद्दा जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे इतर कशाहीपेक्षा यात जास्त पैसे वाया गेलेले मी पाहिलेत. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू सव्वीसच्या आसपास असतो. म्हणजे सव्वीस अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडणार. आपण डक्टमधून बारा अंशांची हवा नेतो. वर मंगलोरी कौलांचं छप्पर, खाली फॉल्स सीलिंग, आणि मधल्या पोकळीत कौलांच्या फटींतून बाहेरची दमट हवा खेळतेय. एका हॉटेलमालकानं अशाच छताखाली दोनदा वॉटरप्रूफिंग करून घेतलं, कौलं बदलली, पन्हळी नव्या केल्या. ठिबकणं थांबेना. मला बोलावलं तेव्हा मी विचारलं, ‘पाऊस नसताना ठिबकतं का?’ ते म्हणाले, ‘हो, एसी चालू असला की.’ छप्पर बिचारं निर्दोष होतं. ग्लासवूलच्या इन्सुलेशनचं वेष्टण सांध्यांवर फाटलं होतं, आतला कापूस स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता. आम्ही ते सगळं काढून बंद छिद्रांचं नायट्राइल रबर लावलं, हँगरच्या जागीसुद्धा. तेव्हा जाऊन थांबलं. तुमच्या वरच्या मजल्याला उतरतं छप्पर असेल तर हे आर्किटेक्टला आजच सांगा.

चिऱ्याच्या भिंती असतील तर तेही. जांभा पाणी धरून ठेवतो, आणि गार खोलीकडे ते आतून झिरपत राहतं. ओटी आणि आयसीयूच्या बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या उघड्या ठेवायचा मोह टाळा. दर्शनी भागाला हवा तेवढा चिरा लावा.

खाऱ्या हवेचं तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्या खिडक्यांचे कडी-कोयंडे रोज सांगत असतील. आउटडोअर युनिटच्या कॉइलला गंजरोधक लेप कारखान्यातूनच घेतलेला हवा, नंतर फवारलेला टिकत नाही. युनिट इमारतीच्या आडोशाला, जमिनीकडच्या बाजूला ठेवा, पण हवा कोंडणार नाही असं. बोल्ट साध्या स्टेनलेसचे नकोत, किनाऱ्यावर त्यांनाही डाग पडून खड्डे पडतात, ३१६ दर्जाचे घ्या. आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवायला नळ तिथेच काढून ठेवा. नळ लांब असला की कुणी धूत नाही, हा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. आणखी एक, हसू नका: सर्किट बोर्डाच्या पेटीच्या भोकांना जाळी लावा. माझ्या कामांत मीठ आणि वीज यांच्या खालोखाल सर्वात जास्त बोर्ड पालींनी जाळलेत.

तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा गच्चीवरची नुसती स्टँडवर ठेवलेली युनिटं उलटलेली मी पाहिली. आता मी स्टँड स्लॅबला बांधूनच घेतो. त्याच वर्षी जुलैत चिपळूणच्या पुरात बाजारपेठेतले तळमजले बुडाले आणि तळमजल्यावर ठेवलेले पॅनल, जनरेटर, सगळं गाळात गेलं. मालवणला तसा पूर येणार नाही, पण खाडीकाठ असेल तर पॅनल रूम कुठे आहे ते एकदा बघून घ्या.

दुरुस्तीचाही विचार डिझाइनमध्येच करायचा असतो. तुमच्याकडे कंपनीचा माणूस कोल्हापूरहून किंवा गोव्याहून येणार. पावसात घाटात दरड आली की तो वाटेतच अडकला. म्हणून ओटीला एक मोठं मशीन देण्याऐवजी दोन छोटी द्या, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर निदान हातातली शस्त्रक्रिया पूर्ण होईल. दोन्ही जनरेटरवर चालायला हवीत. बाकीच्या हॉस्पिटलचा एसी जनरेटरवर आणायची गरज नाही. ओटी आणि आयसीयू पुरे.

आता ज्या भागात माझं उत्तर ‘ते परिस्थितीवर आहे’ असं आहे, तो भाग. तुम्ही नुसती ओपीडी आणि दहा खाटा करत असता, ओटी नसती, तर मी म्हटलं असतं की चांगला डीलर बघा आणि कन्सल्टंटचे पैसे वाचवा. चार खोल्यांना चार स्प्लिट लावायला माझ्यासारख्याची गरज नसते. जनरल वॉर्डला तर मी एसीच देणार नाही. दोन्ही बाजूंना खिडक्या, उंच छत, पंखे, बाहेर पडवी. हवा वाहती राहिली तर संसर्गाच्या दृष्टीनंही ते बरं, आणि आपले निम्मे पेशंट तसेही ‘एसी बंद करा, अंग दुखतंय’ म्हणतात. तुमच्या ३८ टनांतले दहा-बारा टन इथेच गळतील असा माझा अंदाज आहे, वॉर्डांचं नेमकं क्षेत्र तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून अंदाजच म्हणतो. ज्याला मशीन विकायचंय तो ‘इथे एसी नको’ म्हणणार नाही. कन्सल्टंटची फी बहुतेक वेळा या एका वाक्यात वसूल होते.

फीबद्दल. १ लाख ८० हजार म्हणजे ४५ लाखांचे चार टक्के. भाव रास्त आहे. पण टक्क्यांनी ठरवू नका, एकरकमी ठरवा. टक्क्यांवर काम करणाऱ्याला यंत्रणा मोठी झाली तर फायदा, आणि तुम्हाला तर ती छोटी करून हवीय. आणि त्याच्याकडून एक ओळ लेखी घ्या, की कुठल्याही डीलरकडून किंवा कंपनीकडून तो कमिशन घेणार नाही. ही ओळ मागितल्यावर चेहरा कसा होतो ते बघा. आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे, दोन्हीकडून पैसे घेणारे आहेत, आणि तसा माणूस नेमलात तर डीलरचं फुकट डिझाइन परवडलं.

त्या पैशांत काय मिळायला हवं? खोलीवार हिशोबाची पानं, डक्ट आणि पाइपचे नकाशे, वस्तूंची यादी परिमाणांसह, म्हणजे तीन डीलर एकाच गोष्टीचे भाव देतील. आलेल्या कोटेशनांची तुलना. साइटवर येण्याच्या फेऱ्या किती, तो आकडा करारात लिहा. मी अशा कामाला आठ धरतो, त्यातल्या दोन फॉल्स सीलिंग बंद करायच्या आधीच्या, कारण त्यानंतर चुका दिसत नाहीत, नुसत्या ठिबकतात. शेवटी यंत्रणा चालू करताना ओटीतली हवा मोजायची, दाब मोजायचा, फिल्टरमधून गळती आहे का ते तपासायचं. ड्रेनची परीक्षा मी साध्या रीतीनं घेतो: ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओततो आणि पंखा चालू ठेवून बघतो. ट्रॅप, म्हणजे ड्रेनच्या पाइपातलं पाणी धरून ठेवणारं वळण, नीट नसेल तर पंख्याच्या ओढीनं पाणी आतच अडतं आणि ट्रे भरून वाहतो. तासाला पाच लिटर पाणी कुठेतरी जायलाच हवं.

आणि एक अट माझ्या करारांत मी स्वतःहून घालतो, तुम्हीही घाला. डीलरचे पाच टक्के आणि कन्सल्टंटच्या फीचा शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावर द्यायचा. त्या पावसाळ्यात, जुलै अखेर, कन्सल्टंटनं एकदा येऊन ओटी-आयसीयूतली आर्द्रता मोजून लिहून द्यायची. दहा टक्के कन्सल्टंट या अटीवर कुरकुर करतील. ते वगळले की निवड सोपी होते.

तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. माणूस स्लॅब पडायच्या आधी नेमायला हवा. एएचयूची खोली ओटीला लागून कुठे बसेल, डक्ट वर जायला शाफ्ट (उभी पोकळी) कुठून, बीमखाली किती जागा उरते, हे सगळं सेंटरिंग लागायच्या आत ठरतं. नंतर कोअर कटिंग करून भोकं पाडता येतात, पण बीमला भोक पाडायला स्ट्रक्चरल इंजिनिअर परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. मजल्याची उंची तुम्ही दहा फूट लिहिलीय. ओटीच्या मजल्याला ती कमी पडेल असं मला वाटतं, निदान बारा हवी. पण बीम किती खोल आहेत ते कळल्याशिवाय ठाम सांगत नाही. नुसता प्लॅन नको, ओटीतून जाणारा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचा नकाशा, इथे टाका. बीमखालून डक्ट जातो की नाही, एवढं मी त्यावरून लगेच सांगेन.